किंगफिश पकडायला निघालेला माणूस आधी तासभर दुसराच मासा का पकडत बसतो?

मुंबई-गोव्यातल्या हॉटेलात मेन्यू कार्डवर 'किंगफिश फ्राय' लिहिलेलं असतं आणि ताटात येते सुरमई. त्यामुळे एखाद्या रीलमध्ये सिडनीच्या समुद्रात कुणी "किंगफिश, किंगफिश" ओरडत गळ ओढताना दिसला, की आपल्याला वाटतं पठ्ठ्याला सुरमई लागली.

पण तो मासा वेगळा आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ज्याला किंगफिश म्हणतात तो यलोटेल किंगफिश. पाठ निळसर-हिरवी, पोट पांढरं आणि शेपूट पिवळी. सुरमई ही बांगड्याच्या कुळातली, तर हा गडी आपल्या हलव्याच्या कुळातला. न्यूझीलंडच्या तौरंगाजवळ १९८४ साली तब्बल ५२ किलोचा किंगफिश गळाला लागला होता.

आता एवढा दांडगा मासा पकडायचा कसा? तिथले हौशी मच्छीमार त्यासाठी जिवंत आमिष वापरतात.

जिवंतच का?

किंगफिश हा शिकारी मासा. गळाला अडकलेला छोटा मासा घाबरून वेडावाकडा पोहतो, त्याची कंपनं पाण्यात पसरतात. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिला ही कंपनं कळतात. अडचणीत सापडलेली शिकार म्हणजे कमी कष्टात जेवण. मेलेल्या आमिषावरही किंगफिश येतो, पण तडफडणाऱ्या माशाची सर त्याला नाही.

पहिलं काम आमिषाचं

म्हणून बोट आधी किंगफिशकडे जातच नाही. पाण्यात पावाचा चुरा टाकून छोटे मासे गोळा करतात आणि एकाच दोरीला पाच-सहा बारीक गळ लावून ते पकडतात. यात आपल्या बांगड्याचा एक चुलतभाऊ असतो, शिवाय यलोटेल स्कॅड नावाचा छोटा मासा. सिडनीच्या खाडीत तर जिवंत माकूल सगळ्यात भारी आमिष मानलं जातं.

खरी कसोटी इथून पुढे. हे मासे बोटीवरच्या टाकीत जातात. टाकी शक्यतो गोल असते, म्हणजे कोपऱ्यात तोंड आपटून मासा जखमी होत नाही. पंपाने समुद्राचं ताजं पाणी सतत फिरवावं लागतं. टाकीत गर्दी झाली की ऑक्सिजन कमी पडतो. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा लवकर मान टाकतो.

गळ कुठे टोचायचा?

बोट अगदी हळू चालवत मासा मागून न्यायचा असेल तर गळ नाकातून किंवा वरच्या ओठातून टोचतात, म्हणजे तो सरळ पोहतो. बोट नुसती वाहती ठेवली असेल तर पाठीवरच्या पराच्या पुढे, कातडीखालून. आत खोल गेला तर आमिष मेलंच.

किंगफिश खडक, बुडालेली जहाजं, समुद्रातले खांब यांच्या आसपास घोटाळतो. आमिष खाली न्यायला वेगळ्या तारेवर जड शिशाचा गोळा सोडतात आणि गळाची दोरी त्याला चिमट्याने अडकवतात. माशाने ओढ दिली की चिमटा सुटतो, मग लढत फक्त मासा आणि माणूस यांच्यात.

आणि किंगफिश सरळ खडकाकडे धाव घेतो. कपारीत शिरला की दोरी घासून तुटलीच म्हणून समजा. त्यामुळे दोरी जाड ठेवतात आणि पहिल्या काही सेकंदांतच त्याला खडकापासून लांब खेचतात.

पकडला, पण ठेवायचा का?

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये ६५ सेंटीमीटरपेक्षा लहान किंगफिश ठेवता येत नाही. एका माणसाला दिवसाला ५ च. न्यूझीलंडमध्ये मर्यादा ७५ सेंटीमीटर. आकारात न बसणाऱ्या पिल्लांना तिथले मच्छीमार चक्क 'उंदीर' म्हणतात.

यामागे कारण आहे. न्यू साउथ वेल्समध्ये पूर्वी तरंगते पिंजरे लावून किंगफिश पकडायचे, त्यात लहान मासे मोठ्या संख्येने अडकायचे. १९९६ मध्ये त्या पिंजऱ्यांवर बंदी आली. संशोधन सांगतं की तिथल्या बऱ्याच माद्या ८० सेंटीमीटरच्या पुढे गेल्यावरच अंडी घालण्याजोग्या होतात. म्हणजे ६५ ची मादी कायद्यात बसली, तरी तिने अजून एकदाही अंडी घातलेली नसण्याची शक्यता मोठी.

म्हणूनच अनेक जण आत वळलेलं टोक असलेला गोल गळ वापरतात. तो सहसा पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. त्यात झटका द्यायचा नसतो, दोरी आपोआप ताणू द्यायची. सोडलेला मासा जगायची शक्यता त्यामुळे वाढते.

आपल्याकडेही हा विषय आलाय. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली आणि त्यात सुरमईही आहे. पण पिल्लू बाजारात आलं, तर ते विकत घेणारे आपणच असतो. सिडनीचा किंगफिश आपल्या ताटात येण्याची शक्यता कमी. सुरमई मात्र येणार. तेव्हा बाजारात वीतभर सुरमई स्वस्तात मिळत असेल, तर ती घ्यायची की नाही हे आपल्या हातात आहे.