पायऱ्या चढतो, मग गोळी कशाला?

कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या न थांबता चढणारा पन्नाशीचा माणूस कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विषय निघाला की एकच मुद्दा मांडतो: मला झालंय काय? दम लागत नाही, छातीत दुखत नाही, शेतातलं काम होतं. मग कागदावरच्या एका आकड्यासाठी जन्मभराची गोळी मागे का लावून घ्यायची? प्रश्न रास्त आहे. फक्त त्यासाठी दिलेला पायऱ्यांचा पुरावा चालत नाही.

एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं मुरत जातं. ते मुरताना काहीही जाणवत नाही. वाहिनी अर्ध्याहून बरीच जास्त अरुंद झाली, तरच चढावर छाती भरून येते. त्यात हृदयविकाराचे कितीतरी झटके असे असतात, की साचलेला थर वाट अडवण्याइतका मोठा नसतो. तो अचानक फाटतो आणि तिथे रक्ताची गुठळी धरते. कालपर्यंत डोंगर चढणारा माणूस आज कोसळतो तो यामुळे. तेव्हा पायऱ्या चढता येणं ही चांगलीच गोष्ट, पण तिच्यावरून कोलेस्टेरॉलचा निकाल लावता येत नाही.

अंगकाठीचाही भरवसा धरू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ती गाठणं, असं त्या लेखातच मिस्कीलपणे लिहिलेलं आहे. गंमत बाजूला ठेवली तरी याज्ञिकांचं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतलं काम हेच सांगतं: दिसायला सडपातळ, पण आत चरबी राखून असलेला भारतीय देह. वजनकाट्यावर तो निर्दोष सुटतो, रक्ततपासणीत सुटेलच असं नाही.

आपल्याकडच्या बिघाडाची तऱ्हाही थोडी वेगळी आहे. आयसीएमआरच्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड धरून एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के निघाले. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढलेले मात्र २९.५ टक्के, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. म्हणून रिपोर्टवर ठळक अक्षरात काहीतरी छापून येणं ही आपल्याकडे नवलाई नाही. तसं काही ना काही जवळपास दर दहांतल्या आठांना निघालं. त्या सगळ्यांना गोळी लागते का? नाही.

आता ही गोळी आली कुठून ते पाहू. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने घडवलेला इंद्रायणी तांदूळ ज्यांच्या खाचरात पिकतो, त्यांना हे ऐकून मौज वाटेल: पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळीतलं द्रव्य, भाताच्या बुरशीतून निघालं. जपानच्या सांक्यो कंपनीतले अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरशी तपासल्या आणि १९७३ साली क्योटोतल्या धान्य दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवं ते द्रव्य सापडलं. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं; हे द्रव्य तिथली एक महत्त्वाची पायरी रोखतं. यकृत मग रक्तातलं एलडीएल खेचून घेऊ लागतं. अमेरिकेत अशी पहिली गोळी १९८७ साली बाजारात आली. एंडो २०२४ साली, नव्वदीत वारले. म्हातारपणी त्यांचं स्वतःचंच कोलेस्टेरॉल वाढलं, तेव्हा त्यांनी आधी व्यायामाचा रस्ता धरला. याचा अर्थ गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता असा कोणी लावू नये; कोणाला ती कधी लागते हा वेगळाच हिशेब आहे.

तो हिशेब दोन चाचण्यांत स्वच्छ दिसतो. १९९४ साली निकाल आलेल्या चाचणीत स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांना सुमारे साडेपाच वर्षं खरी किंवा खोटी गोळी दिली गेली होती. खोटी घेणाऱ्यांतले सुमारे १२ टक्के त्या काळात दगावले, खरी घेणाऱ्यांतले ८ टक्के. शंभरातले तीन-चार जीव, हा आकडा औषधशास्त्रात मोठा मानतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडची चाचणी आली. तिथे झटका न आलेले ६,५९५ पुरुष होते, सरासरी एलडीएल १९२. पाच वर्षांत झटका येणाऱ्यांचं किंवा हृदयविकाराने जाणाऱ्यांचं प्रमाण ७.९ वरून ५.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे इतकं चढलेलं एलडीएल असूनही शंभरातल्या दोघा-तिघांचाच प्रसंग टळला. ज्याचं एलडीएल १३५ आहे, बीपी नाही, साखर नाही, विडी नाही, त्याच्या वाट्याला येणारा फायदा याहूनही लहान. मूळ धोका जेवढा मोठा, तेवढा गोळीचा उपयोग मोठा.

ज्यांना झटका येऊन गेला, स्टेंट बसला किंवा रक्तवाहिनी बंद होऊन अर्धांगवायू झाला, त्यांच्याबाबतीत चर्चेला फारशी जागाच उरत नाही. एलडीएल १९० च्या वर असेल तर दोष बहुधा घराण्यातून आलेला असतो. तो पथ्याने पुरेसा हटत नाही आणि मुलाबाळांचीही तपासणी करावी लागते. चाळिशीपुढच्या मधुमेह्यांनाही डॉक्टर सहसा गोळी सुरू करतात. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली ठरवलेली उद्दिष्टंही माणूस पाहून बदलतात. साधारण धोक्याच्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं, जास्त धोक्याच्याचं ७० च्या, आणि झटका येऊन गेलेल्याचं ५५ च्या खाली. १०० च्या वर गेलेल्या प्रत्येकाने केमिस्टकडे धावावं, असं त्यात कुठेही नाही.

खरी पंचाईत मधल्यांची. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आहेत: वय, लिंग, बीपी, धूम्रपान, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल घातलं की पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत निघतो. रक्ततपासणी हाताशी नसेल तर बीएमआयवर चालणारा तक्ताही आहे. त्यात तंबाखू चघळणाऱ्याची आणि मिश्री लावणारीची दखल नाही. पण बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका वाढलेला दिसला, तेव्हा डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत झटका आला असेल, तर तेही सांगावं. लिपोप्रोटीन-ए हे आनुवंशिक कोलेस्टेरॉल आयुष्यात एकदा तपासून घ्यावं असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेचं म्हणणं आहे. एवढं करूनही मन ठरत नसेल, तर हृदयाच्या वाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन असतो. त्यात शून्य आलं तर मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्याचा इतिहास नसलेल्याला काही वर्षं थांबायला हरकत नसते.

पथ्याबद्दल गैरसमज फार. जत्रेतल्या मटणाने वर्षातून एकदा कोणाचं एलडीएल बिघडत नाही आणि निव्वळ शाकाहारी आहे म्हणून कोणाचं सुधारतही नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीत कोलेस्टेरॉल औषधालाही नाही, पण गुळामुळे ट्रायग्लिसराइड वाढवायला ती समर्थ आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ म्हणून मिरवणाऱ्या तेलाच्या डब्याला भुलू नये. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते मोजण्याइतकं नसतं. नेमाने पथ्य पाळलं तर एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. धोका कमी असेल तर १४० असणाऱ्याची गोळी तेवढ्याने टळू शकते. २०० असणाऱ्याला पुरणार नाही.

राहिली गोळीची भीती. ती अगदीच निराधार नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाचं औषध स्नायू विरघळण्याच्या तक्रारींमुळे आणि त्यातून झालेल्या मृत्यूंमुळे २००१ साली जगभरातून मागे घ्यावं लागलं. आज वापरात असलेल्या गोळ्यांत तो प्रकार क्वचितच होतो. साखर मात्र थोडी वाढू शकते: २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, असं २०१० च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. गरोदर बाईने ती घेऊ नये हाच सर्वसाधारण सल्ला.

सर्वांत जास्त तक्रार अंगदुखीची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने त्रासामुळे गोळी सोडलेली ६० माणसं घेतली आणि प्रत्येकाला वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास, त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खोटं नव्हतं. ते बहुतांशी त्या द्रव्यामुळे नव्हतं. यानंतर निम्म्या लोकांनी पुन्हा गोळी सुरू केली. मावळात याला आणखी एक कारण जोडायला हवं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर-मांड्या तशाही धरलेल्या असतात. त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली तर सगळं खापर तिच्यावर फुटतं. घाई नसेल तर लावणी उरकल्यावर सुरुवात करता येते का, हे डॉक्टरांना विचारावं.

दुखत असेल तर आपल्या मनाने बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगितलेलं बरं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, एक दिवसाआड देता येते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं, म्हणून कमी डोसवर राहून सोबत इझेटिमाइब हे दुसरं औषध देण्याचीही वाट आहे. सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. आकडा हलला नसेल तर डोस वाढवण्याआधी डॉक्टर सहसा एकच गोष्ट विचारतात: पाकिटातल्या किती गोळ्या उरल्यात?