बोनान्झा : एका लहान ओढ्याचा जमाखर्च

कॅनडाच्या वायव्य टोकास, युकॉन प्रदेशात, ६४ अंश उत्तर अक्षांशावर बोनान्झा नावाचा एक ओढा आहे. लांबी जेमतेम ३० किलोमीटर. किंग सॉलोमन्स डोम या डोंगरावरून उतरून तो क्लोंडाइक नदीस मिळतो आणि ती नदी थोड्याच अंतरावर युकॉन महानदीत विसर्जित होते. १८९६ पर्यंत तो ‘सशाचा ओढा’ म्हणूनच ओळखला जाई. त्या ऑगस्टमध्ये जॉर्ज कारमॅक आणि त्याचे आदिवासी आप्त स्कूकम जिम व डॉसन चार्ली यांना तेथे सोने सापडले. पहिला कण नेमका कोणी पाहिला, हा वाद मिटलेला नाही. शोधाचा मान मात्र कारमॅकच्या नावे नोंदला गेला.

एवढ्याशा ओढ्यात इतके सोने कसे? उत्तरेचा बराचसा भाग हिमयुगात बर्फाने खरवडून नेला; हा भाग त्यातून वाचला. डोंगरातील गारगोटीच्या शिरा लक्षावधी वर्षे झिजत राहिल्या आणि त्यांतील जड सोने तळच्या खडकावर साचत गेले. वर मात्र बारमाही गोठलेली जमीन. हिवाळाभर शेकोट्या पेटवून ती वितळवायची, विहिरीसारखा खड्डा खणायचा, वर काढलेली रेती वसंतात पाणी वाहू लागल्यावर धुवायची. सोने दिसेपर्यंत भांडवल अडकलेलेच!

प्रत्येकास ओढ्यालगत ५०० फुटांचा पट्टा मिळे. घाईत केलेल्या मोजणीत चुका फार. सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांनी पुन्हा साखळी धरली, तेव्हा दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ८६ फुटांची चिंचोळी फट उरली. ती त्यांच्याच हाताखालच्या डिक लो याने घेतली. विकायला काढली, तर गिऱ्हाईक मिळेना. त्याच फटीतून पुढे सुमारे पाच लाख डॉलरचे सोने निघाले.

जोसेफ लादू या व्यापाऱ्याची दृष्टी निराळी होती. त्याने खाणीमागे न धावता दोन्ही नद्यांच्या संगमावरची दलदलीची सपाटी मागितली, लाकूड कापण्याची गिरणी तेथे हलवली आणि डॉसन नगराचे भूखंड पाडले. खाणकऱ्यास घर हवे, फळ्या हव्यात, हे त्याने आधीच ओळखले होते. पुढे मोक्याच्या जागा हजारो डॉलरना गेल्या. तिकडे सिअ‍ॅटलच्या दुकानदारांचीही चांदी झाली. कारण वर्षभराच्या शिधासामग्रीविना खिंडीवरील पोलीस कोणास पुढे सोडत नसत, आणि अवजारांसह ते ओझे माणशी सुमारे एक टन भरे. एक लाखाच्या आसपास माणसे निघाली. पोहोचली तीस-चाळीस हजार. १८९८ मध्ये ती उतरली, तेव्हा ओढ्याचा तसूभरही भाग मोकळा नव्हता.

या जमेच्या बाजूस एक खर्च कोणी मांडला नाही. क्लोंडाइकच्या मुखाशी हान लोक पिढ्यान्‌पिढ्या साल्मन मासा धरीत. जाळ्यांच्या मेखा ठोकण्याचा दगड, त्यावरूनच नदीचे मूळ नाव ‘ट्रोन्डेक’. तेथे गर्दी लोटल्यावर त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या लोकांना काही किलोमीटर खाली, मूसहाइड येथे नेले.

पुढे माणसांची जागा यंत्रांनी घेतली. १९१२ मध्ये बांधलेला चौथ्या क्रमांकाचा प्रचंड गाळउपसा १९५९ पर्यंत चालला. आता तो बोनान्झाच्या काठी स्मारक म्हणून उभा आहे आणि त्याने मागे टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशी खोरेभर पसरल्या आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने ‘ट्रोन्डेक-क्लोंडाइक’ या नावाने येथील काही स्थळांना जागतिक वारसा मानले. नावात हान लोकांचा शब्द आधी आहे.