वर्गणी, सभासदत्व आणि तळाची सही

भाद्रपद जवळ आला की कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर, जुन्या आणि नव्या जालन्यात, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं बाहेर निघतात. पावतीवर नाव, रक्कम आणि खाली सही. ही रक्कम म्हणजे वर्गणी.

इंग्रजीत तिला ‘सबस्क्रिप्शन’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणे. कागदाच्या तळाशी सही करून संमती द्यायची, हा मूळ अर्थ. पुढे सहीसोबत पैसे देण्याचं वचन आलं आणि अर्थ फुटत गेले: मासिकाची वार्षिक वर्गणी, वाचनालयाचं शुल्क, शेअरसाठीची मागणी, मोबाइलवरच्या मालिकांचं मासिक बिल.

वर्गणीतून कारखानाही उभा राहतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ जमवला. त्यातून तळेगाव दाभाडे इथे १९०८ मध्ये काचकारखाना सुरू झाला.

मंडळाच्या आणि मोबाइलवरच्या वर्गणीत मात्र फरक आहे. मंडळाची वर्गणी ऐच्छिक असते आणि दरवर्षी नव्याने मागावी लागते. मोबाइलवरची, एकदा परवानगी दिली की, बहुधा आपोआप कापली जाते. तेव्हा बँकेच्या ॲपमधली ‘ऑटोपे’ची यादी अधूनमधून तपासा आणि मंडळाकडून पावती न चुकता मागून घ्या.