पंचाचा कान

मध्यरेषेवर सहा-सात पोरांचा ढीग पडलेला असतो. सगळ्यात खाली चढाईवर आलेला गडी, आणि त्याची दोन बोटं रेषेच्या वीतभर अलीकडे वळवळताहेत. भोवती अख्खं गाव उभं. अशा वेळी पंच धावत येतो, एक गुडघा टेकतो आणि मान तिरपी करतो. बोटं नीट दिसावीत म्हणून तो वाकला, असं बघणाऱ्यांना वाटतं. खरं तर तो ऐकत असतो. त्या ढिगाखालून ‘कबड्डी कबड्डी’ अजून येतंय का? येत असेल आणि बोट रेषेला लागलं, तर ज्यांनी ज्यांनी हात घातला ते सगळे बाद. दम मध्येच सुटला असेल, तर बोट रेषेपार गेलं तरी काही उपयोग नाही, तोच बाद.

रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार या पट्ट्यात काही वर्षं मी हौशी कबड्डीत शिट्टी वाजवली. त्या काळात एक गोष्ट कळली. बाकीच्या खेळांत पंचाचे डोळे तपासतात, आमच्यात कान तपासायला हवेत.

सोयाबीन निघालं की गावोगावी रात्रीच्या सामन्यांचे फलक लागतात. वर्गणी गोळा होते, काळ्या मातीचं मैदान पाणी मारून, चोपून तयार होतं, चार खांबांवर दिवे चढतात. आमच्याकडे सामने बहुधा वजनगटाचे. ५५ किलोचा गट असला की पंचाचं काम शिट्टीच्या आधी काट्यापाशी सुरू होतं. काटा कुणाच्या तरी किराणा दुकानातून आणलेला. पोरं सकाळपासून उपाशी. कुणी स्वेटर घालून पळून आलेला, कुणी पाव किलोसाठी कमरेचा करदोडा सोडून ठेवलेला. काट्यावर शेवटचा श्वास सोडून उभं राहिलं की वजन कमी भरतं, अशी एक ठाम समजूत आहे. ती खोटी आहे, हे मी किती जणांना सांगितलं असेल! तरी दर वर्षी पोरं गाल आत ओढून काट्यावर चढतातच.

नियमाच्या पुस्तकाप्रमाणे एका सामन्याला सहा माणसं लागतात: एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. गावात तीन मिळाले तरी नशीब. अंतिम रेषेवर बसायला यजमान मंडळाचंच एखादं पोरगं असतं, आणि यजमान संघाचा पाय बाहेर पडला की नेमकी त्याच्याच डोळ्यात धूळ जाते. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एवढ्याशा जागेत दोन बाजूंना राखीव क्षेत्र, दोन निदान रेषा, दोन बोनस रेषा, मध्यरेषा आणि एकमेकांच्या अंगावर धावणारी आठ माणसं. निदान रेषा चढाईवाल्याने ओलांडली का, समोर सहा किंवा त्याहून जास्त बचावपटू असताना बोनस घेतला का, घेतला तेव्हा मागचा पाय हवेत होता का, हे सगळं निमिषात टिपायचं. पण टिपता येतं. पाय दिसतो, रेषा दिसते. दिसत नाही तो दम.

या खेळाचं मर्मच दमात आहे. खो-खो, आट्यापाट्या यांतही पळणं आणि हुलकावणी आहे. परक्याच्या अंगणात एकाच श्वासावर जायचं आणि त्याच श्वासावर परतायचं, ही अट मात्र कबड्डीचीच. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार पूर्वी खेळले जात. बाद झालेला गडी परत कधी यायचा, यावरून त्यांचे नियम बदलत, पण दम तिन्हींत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेव्हा देशी खेळांना लेखी नियम देण्याची धडपड सुरू झाली, तेव्हा आपल्या अमरावतीने त्यात मोठा वाटा उचलला. १९१४ साली वैद्य बंधूंनी उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपला चमू घेऊन जर्मनीला गेलं आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. वऱ्हाडातल्या गावच्या मैदानावर आज शिट्टी वाजवणारे पीटीचे सर शोधायला गेलात, तर त्यांतले बरेचसे याच मंडळाच्या आखाड्यातून शिकून आलेले निघतील.

आता थोडं दूरचं. अमेरिकी फुटबॉलमध्येही शुक्रवारी रात्री शाळांचे सामने होतात आणि तिथलेही पंच दिवसा दुसरी नोकरी करणारे हौशी लोकच असतात. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आणि खिशात पिवळा रुमाल. कुणी नियम मोडला की रुमाल जमिनीवर फेकायचा. खेळ बहुधा तेवढ्यावर थांबत नाही, तो डाव पुरा होतो आणि मग शिक्षा. या रुमालाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आधी तिथले पंच चूक दिसली की भोंगा वाजवत. यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांना तो आवाज मुळीच आवडत नसे. त्यांनी बायकोला सांगून एका जुन्या पोशाखाचं लाल कापड आणि चादरीचा पांढरा तुकडा जोडून घेतला, फेकल्यावर लांब पडावा म्हणून त्यात वजन शिवलं आणि १७ ऑक्टोबर १९४१च्या सामन्यात पंचांच्या हाती दिला. तिथून तो देशभर गेला. पुढे त्याचा रंग पिवळा झाला.

म्हणजे त्यांनी आवाजाची अडचण कापडाने सोडवली. त्यांना ते जमलं, कारण त्यांच्या खेळातला गुन्हा डोळ्यांना दिसणारा आहे. आमच्याकडे गुन्हाच आवाजाचा. दम सुटला हे कोणत्या रुमालाने सांगणार? आधी तो ऐकू तर यायला हवा.

आणि ऐकू येऊ नये याची तजवीज गावकरी स्वतःच करतात. मैदानाच्या चारही कोपऱ्यांना भोंगे, त्यांवर समालोचक. तो चढाई सुरू असताना मागच्या पाच पिढ्यांपासून आजच्या देणगीदारांपर्यंत सगळ्यांची नावं घेतो. ‘आले आले, गेले गेले’ चालू असताना मी बोनस रेषेजवळ उभा राहून एका पोराच्या ओठांकडे बघतोय, हे मला अनेकदा आठवतं. ओठ हलतात. आवाज आहे का? देव जाणे. मी शिट्टी वाजवत नाही. मागून आवाज येतो, ‘अहो सर, दम तुटला नं त्याचा! डोये फुटले काय?’ डोळे शाबूत होते हो. कान गेले होते.

दूरचित्रवाणीवरच्या कबड्डीने दमाची उरलीसुरली किंमतही कमी केली, हे माझं स्पष्ट मत आहे. ३० सेकंदांचं घड्याळ आलं, पुन्हा पाहण्याची सोय आली, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ झाली. खेळ वेगवान झाला, पोरांना पैसे मिळू लागले, हे चांगलंच. पण चढाईवाला आता पुटपुटतो. पडद्यावर पाहून शिकलेली आमची पोरंही पुटपुटतात आणि शिट्टी वाजवली की चकित होतात. ‘टीव्हीवर कुठं बोलतात सर?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नियमांची दोन पुस्तकं असली की काय होतं, हे तर साऱ्या जगाने पाहिलं. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊच्या आशियाई खेळांची अंतिम लढत, भारत आणि इराण २८-२८. भारताचा चढाईवाला पवन सेहरावत कुणाला स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तिथे शिरले. जुन्या नियमाने तेही बाद. नव्याने फक्त चढाईवाला बाद, चढाई तिथेच संपली. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. सामना जवळपास तासभर थांबला. भारताने तो ३३-२९ जिंकला, पण त्या तासाचं कोडं आमच्या गावापर्यंत आलं. त्यानंतर नाणेफेकीलाच दोन्ही कर्णधार विचारू लागले, ‘सर, राखीवला नवा नियम का जुना?’ मी तेव्हापासून नाणं उडवण्याआधी मोठ्याने जाहीर करायला लागलो. तासभर वाचतो.

दोन पंचांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या तर सरपंचाने काय करावं? रिद्धपुरात हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी एका वेगळ्या कामात येऊन गेलेला आहे. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या, तेव्हा स्वामींसोबत राहिलेल्या माणसांना गाठून विचारलं, नागदेवाचार्यांकडून खात्री करून घेतली आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे वेगळा पाठही नोंदवून ठेवला. पंचाला ती चैन नाही. त्याला दोन साक्षींतून एकच ठेवायची असते, तीही पोरं उठून माती झटकायच्या आत.

शिव्या खाल्ल्या, एकदा मैदानातून मोटारसायकलवर मागे बसवून मला लवकर काढून द्यावं लागलं, तेही झालं. पण राग असतो तो रात्रीपुरता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस एस.टी.च्या थांब्यावर चहा पाजतो आणि हळूच विचारतो, ‘सर, खरं सांगा, दम होता का त्याचा?’

म्हणून या वर्षी सामने ठेवणाऱ्या मंडळांना एकच विनंती. बक्षिसाची रक्कम वाढवा, दिवे वाढवा, पण चढाई सुरू झाली की भोंगा बंद करा. देणगीदारांची नावं मध्यांतराच्या पाच मिनिटांत घ्या. तेवढी पुरतात.