नानींची कानटोपी

डिसेंबर लागला की आमच्या कोंढ्यात फजरला उठणाऱ्या घरांतून कानटोप्या, मफलर बाहेर निघतात. गेल्या हिवाळ्यात नानींनी विणलेली टोपी आम्ही गरम पाण्यात चोळून धुतली आणि ती बाहुलीच्या मापाची झाली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णतेने आणि चोळल्याने ते एकमेकांत अडकतात, पुन्हा सुटत नाहीत.

नानी रागावल्या नाहीत. "सुया आणा," एवढेच म्हणाल्या. नजर अधू झाली, तरी टाके त्या बोटांनी मोजतात. किनारीला दोन सुलट, दोन उलट घालायला त्यांनीच शिकवले. अशी किनार ताणते आणि कानांवर घट्ट बसते.

लोकर थंड पाण्यात, थोड्या शाम्पूने धुवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी पसरा. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने लांबते. पेटीत ठेवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा; घामट, मळक्या लोकरीला कसर लवकर लागते.

यंदा धाकट्याच्या डोक्यावर आम्ही विणलेली टोपी आहे. एक टाका सुटला होता. नानींच्या बोटांना तो लगेच सापडला.