रॅम वाढवली की जागा वाढते?

गुलमंडीतल्या ओळखीच्या साडीवाल्या काकांनी परवा विचारलं, "कॉम्प्युटर भरलाय, रॅम टाकू का?"

नका टाकू, काका! फाइली राहतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर. रॅममध्ये फक्त चालू काम. लाइट गेली की सगळं साफ.

प्रोसेसर इतका चपळ, की त्याला रॅमसुद्धा संथ वाटते. म्हणून त्याच्या चिपवरच छोटी, वेगवान कॅशे असते. काउंटर, मागचं कपाट आणि गोदाम, तशी ही उतरंड.

मेमरीच्या बाबतीत माझं लाडकं मशीन मात्र परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर! विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१मध्ये बनवलेलं. त्यात ६४ ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना लिंकने जोडता येणारे प्रोसेसर; प्रत्येकाची मेमरी वेगळी. दुसऱ्याकडचा डेटा हवा, तर लिंकवरून निरोप पाठवायचा. आजचे सुपरकॉम्प्युटरही याच वळणाचे.

जुन्या पीसीत काय बदलावं, हे विचारायचं असेल तर मॉडेल लिहा. सांगतो.