मागचं चाक आधी

टाटा ४०७ टेम्पोच्या टायरची कड वाचून पाहिली, तर तिथे ७.५०-१६ असा आकडा सापडतो. विटा, भाजीपाला, मंडपाचे बांबू वाहणारा हा टायर आपल्याला कौतुकाचा वाटत नाही. पण अमेरिकेतल्या जुन्या हॉट रॉडवाल्यासमोर हाच आकडा उच्चारा, गडी लगेच खुलतो. १९३२ची फोर्ड, मागे ७.५०-१६, पुढे ५.००-१६. एवढं सांगितलं की गाडी कशी उभी असेल ते त्याला न बघता कळतं.

हॉट रॉड म्हणजे मुळात हौशी पोरांनी स्वस्तात घेतलेली जुनी गाडी, बहुधा फोर्डच. मडगार्ड काढायचे, वजन उतरवायचं, इंजिनाची ताकद वाढवायची आणि पळवायची. (आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, त्यामुळे ही हौस बहुतेकांना फोटो पाहूनच भागवावी लागते.) अशी गाडी बांधायला घेणारा माणूस इंजिनावर महिनोन् महिने डोकं खपवतो आणि टायर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. मागच्या टायरची उंची आधी ठरवावी, कारण गाडीचा गिअर, तिची उभी राहण्याची ढब आणि तिचा काळ, या तिन्ही गोष्टी तिथेच ठरतात.

जुने आकडे वाचायला सोपे आहेत. ७.५० ही टायरची रुंदी इंचांत, १६ हा रिमचा व्यास. त्या काळच्या टायरची बाजू जवळजवळ रुंदीइतकीच उंच असे. म्हणून १६ मध्ये साडेसात दोनदा मिळवले की ३१ येतात. प्रत्यक्षात टायर त्याहून थोडा उंचच भरतो. याच हिशेबाने पुढचा ५.००-१६ साधारण २६ इंचांचा. मागे-पुढे पाचेक इंचांचा फरक पडला, की गाडीचं नाक आपोआप खाली झुकतं आणि उभी गाडीही निघण्याच्या तयारीत दिसते.

ही उंची केवळ दिसण्यासाठी आलेली नाही. १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसची पोरं गाड्या घेऊन म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जात. मैलोन् मैल सपाट, टणक जमीन. या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. तिथे प्रश्न एकच असे : सर्वाधिक वेग किती? इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवून वेग वाढवायचा, तर चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापणारं हवं. मागच्या आसातली क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडी बदलण्यापेक्षा मोठ्या गाडीचा उंच टायर मागे चढवणं सोपं पडे. पुढे युद्ध आलं, मलायाचं रबर जपानच्या हाती गेलं आणि जानेवारी १९४२ पासून अमेरिकेत टायरचं रेशनिंग सुरू झालं. ते उठलं १९४५च्या अखेरीस. मग रणांगणावरून परतलेल्या तरुणांनी गॅरेजं उघडली आणि हॉट रॉडचा खरा बहर सुरू झाला.

उंचीचा गिअरवर काय परिणाम होतो, ते आकड्यांतच पाहावं. त्या काळच्या अनेक फोर्डमध्ये क्राऊन-पिनियनचं प्रमाण ३.७८ असे. टॉप गिअरमध्ये ताशी ६० मैलांवर २८ इंची टायर असेल, तर इंजिन मिनिटाला सुमारे २,७२० फेरे घेतं. ३२ इंची असेल, तर २,३८०. लांबच्या प्रवासात हा मोठाच दिलासा. पण निघताना तोच टायर जड वाटतो, चढावर गिअर उतरवावा लागतो. आणि स्पीडोमीटर २८ इंचांच्या हिशेबाने लावलेला असेल, तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६८च्या पुढे धावत असते. पोलिसांना हे गणित सांगून उपयोग नाही. फोर्डचं मूळचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन आणि ३.७८ असेल, तर मी ७.००-१६ वर थांबेन. इंजिन दमदार असेल किंवा प्रमाण ४.११ असेल, तर खुशाल ७.५०.

१९५०च्या दशकात शर्यत तळ्यावरून ड्रॅग स्ट्रिपवर आली आणि टायरकडून मागणीच बदलली. पाव मैलात सगळा खेळ. सर्वाधिक वेगापेक्षा सुटताना जमीन धरणं महत्त्वाचं. मग रुंद, नक्षी नसलेले स्लिक टायर आले. त्यातच रस्त्यावर चालावेत म्हणून नावापुरत्या उथळ रेघा ओढलेला एक प्रकार निघाला. त्याला 'चीटर स्लिक' हे नाव उगाच पडलेलं नाही. जुन्या पद्धतीच्या स्लिकच्या खांद्यावर कातलेल्या करंजीसारखी खाचांची कड असते. आजही असे टायर नव्याने बनतात आणि १९६०च्या धर्तीच्या गाडीवर देखणे दिसतात. पावसात मात्र ती गाडी बाहेर काढू नये. पाणी बाजूला सारायला नक्षीच नाही, तर रबर पाण्यावरून घसरणारच.

नायलॉन की रेडियल, हा वाद न संपणारा आहे. जुन्या बांधणीच्या, म्हणजे नायलॉन टायरमधले धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर फुली मारत जातात. बाजू फुगीर, खांदा चौकोनी. रेडियलमध्ये धागे आडवे जातात आणि नक्षीखाली पट्टा असतो. म्हणून तो रस्त्याला चिकटून चालतो. नायलॉनचा टायर रस्त्यावरच्या चराच्या मागे जातो, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की खालून चपटा होऊन सकाळी पहिली काही मिनिटं धडधडतो. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा इथली कोकर टायर कंपनी जुन्या फायरस्टोनच्या नक्षीचे टायर विकते आणि जुन्या रूपातले रेडियलही. रोज चालवायची गाडी असेल, तर रेडियल घ्यावेत. लोक काहीही म्हणोत. फक्त मिसळ नको. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही जोडी तर सर्वांत वाईट, कारण वळणावर पुढचं टोक पकडून राहतं आणि मागचं सुटतं.

टायर मागवण्याआधी गाडीखाली शिरून मापं घ्यावीत. फोर्डचा मागचा कमानपाटा आडवा असतो. तो पूर्ण दबला, की टायर मडगार्डला किंवा बॉडीला लागतो का ते बघायचं. रिमची आतली कड हबच्या बैठकीपासून किती आत येते, यावर टायर आत घासणार की बाहेर डोकावणार, हे ठरतं. मूळचे चार इंची रिम ७.५०ला अरुंद पडतात. पाच ते सहा इंच असलेले बरे. जुन्या रिमवर टायरची कड अडवून धरणारा उंचवटा नसतो, म्हणून ट्यूब घालावी.

आता ४०७चा टायर. आकडा तोच, मग तो स्वस्तात का बसवू नये? कारण तो टनावारी माल पेलायला बांधलेला असतो. अख्खी हॉट रॉड टनभराची. तिच्याखाली असा ताठ टायर दबतच नाही, गाडी उडत चालते आणि पकड कमी होते. आकड्यासोबत कडेवर लिहिलेली, भार पेलण्याची ताकद सांगणारी प्लाय रेटिंगही वाचायची ती यासाठी.

त्याच कडेवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालाच्या आधीचा. हॉट रॉड वर्षातून थोडीच फिरते, त्यामुळे नक्षी झिजायच्या आत रबर म्हातारं होतं. सहा वर्षांनंतर दरवर्षी भेगा तपासाव्यात आणि दहानंतर, नक्षी कितीही कोरी दिसो, टायर उतरवावा.